सांगून सोबत गेलेला माणूस

बालाघाटच्या पठारावर वसलेल्या आमच्या राणीसावरगावात पावसाचा भरवसा कोणी कोणाला देत नाही. मृगात दोन सरी पडल्या म्हणजे हरखून जावे आणि मग पोळ्यापर्यंत आभाळाकडे डोळे लावून बसावे, हा येथील शेतकऱ्याचा पिढ्यानुपिढ्यांचा रिवाज आहे. अशा गावी मास्तरकी करणाऱ्या माणसाने ऐन दिवाळीत सातासमुद्रांपलीकडच्या एका शेतकऱ्याची हकीकत सांगायला का बसावे, असे वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर सोपे आहे. कोरड्या मुलखातला माणूस कोरड्या मुलखातल्या माणसाला लवकर ओळखतो. अमेरिकेच्या वाळवंटात पाट खणून जोंधळा, मका आणि कापूस पिकवणाऱ्या त्या मनुष्याची रोजनिशी छापून निघालेली आहे. तिची ओळख झाल्यापासून तो मला परका वाटेनासा झाला.

त्याचे नाव लेव्हाय सॅव्हेज. इंग्रजीत ‘सॅव्हेज’ म्हणजे रानटी. परंतु ज्या धकाधकीच्या काळात चांगली चांगली माणसे रानटी झाली, त्या काळात हा नावाचा रानटी मनुष्य आपली माणुसकी सांभाळून राहिला. त्याने राज्य मिळवले नाही, ग्रंथ लिहिला नाही, पंथ काढला नाही. त्याने एकदा भर सभेत खरे सांगितले, ते कोणी ऐकले नाही, आणि न ऐकणाऱ्यांच्या बरोबरच तो निघाला. एवढ्या एका गोष्टीसाठी त्याची ओळख करून द्यावी असे मला वाटते.

सॅव्हेज मॉर्मन पंथाचा होता. या पंथाविषयी आपल्याकडे फारशी माहिती नसते, म्हणून दोन शब्द सांगतो. जोसेफ स्मिथ नावाच्या एका तरुण शेतकऱ्याने १८३० साली अमेरिकेत न्यूयॉर्क प्रांतात या पंथाची स्थापना केली. आपल्याला देवदूताचे दर्शन झाले आणि सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला प्राचीन ग्रंथ सापडला, असे तो सांगे. त्या ग्रंथाचे भाषांतर म्हणून त्याने जे पुस्तक छापले, त्यावरून त्याच्या अनुयायांना मॉर्मन म्हणू लागले. ही मंडळी कष्टाळू, एकजुटीची आणि पुढाऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी. जेथे जात तेथे एकगठ्ठा वस्ती करीत, एकगठ्ठा मते देत, जमिनी घेत. शेजाऱ्यांना त्याचे भय वाटू लागले. भयाचा द्वेष व्हायला वेळ लागत नाही. १८३८ साली मिसूरी प्रांताच्या गव्हर्नराने तर मॉर्मनांना प्रांताबाहेर हाकला, नाहीतर त्यांचा समूळ नाश करा, असा लेखी हुकूम काढला. तेथून हाकलल्यावर त्यांनी मिसिसिपी नदीच्या काठी नॉवू नावाचे शहर वसवले. पण २७ जून १८४४ रोजी कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने शिरून जोसेफ स्मिथला गोळ्या घातल्या. पुढे दीड-दोन वर्षांत नॉवूही सोडावे लागले. बांधलेली घरे, पेरलेली शेते, नवे कोरे मंदिर, सारे मागे टाकून हजारो माणसे गाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाली.

लेव्हाय सॅव्हेजचा जन्म १८२० सालचा, ओहायो प्रांतातला. हा लोंढा पश्चिमेकडे चालला होता तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्याच वेळी अमेरिकेचे मेक्सिकोशी युद्ध जुंपले. ज्या सरकारने आपले रक्षण केले नाही, त्या सरकारने आता आपल्याकडे सैनिक मागावेत, याचे मॉर्मनांना नवल वाटले असेल. परंतु शिपायांच्या पगाराचा पैसा विस्थापितांच्या कामी येणार होता, म्हणून सुमारे पाचशे मॉर्मन पलटणीत दाखल झाले. सॅव्हेज त्यांतलाच एक. ही पलटण सुमारे दोन हजार मैल पायी चालत वाळवंटे ओलांडून १८४७ च्या जानेवारीत पॅसिफिक किनाऱ्याला पोचली. लढाई करण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलाच नाही. वाट मात्र त्यांनी पाहून ठेवली. पाणी कोठे आहे, चारा कोठे आहे, बैल कोठे थकतात आणि माणूस कोठे खचतो, हे सॅव्हेज तेथे शिकला. हे शिक्षण पुढे त्याच्या कामी आले. इतरांच्याही आले असते, पण त्यांनी ते घेतले नाही.

दरम्यान २४ जुलै १८४७ रोजी पंथाचा नवा पुढारी ब्रिगॅम यंग खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात येऊन पोचला होता. तो मुलूख म्हणजे आजचा यूटा प्रांत. पाऊस बेताचा, जमीन दगडासारखी. पहिल्या नांगरणीला नांगरच मोडले. तेव्हा डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याला बांध घालून त्याचे पाणी त्यांनी रानात फिरवले, जमीन भिजू दिली आणि मग नांगर धरला. १८४८ साली उभ्या पिकावर किड्यांची धाड आली आणि समुद्रपक्ष्यांच्या थव्यांनी ती खाऊन पीक वाचवले, ही कथा तेथे आजही घरोघरी सांगतात. एक नियम त्यांनी पहिल्यापासून केला. ओढ्याचे पाणी आणि डोंगरातले लाकूड कोणा एकाच्या मालकीचे नाही. पाट सर्वांनी मिळून खणायचा आणि पाणी पाळीने घ्यायचे. आपल्या खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटकरी जसे पाळीने पाणी देतो, तशीच ती रीत. दोन खंडांतल्या शेतकऱ्यांनी एकमेकांचे तोंड न पाहता एकच शहाणपण शोधून काढले, याचे मला मोठे कौतुक वाटते.

सॅव्हेज या खोऱ्यात आला, त्याने लग्न केले, त्याला मुलगा झाला. आता स्वस्थ बसून शेती करावी, एवढीच त्याची इच्छा असणार. पण १८५१ साल संपता संपता त्याची बायको वारली आणि तान्हे मूल त्याच्या हाती राहिले. पुढच्याच वर्षी, १८५२ च्या ऑगस्टात, मॉर्मनांची मोठी सभा भरली. तीत शंभराच्या आसपास माणसांची नावे पुकारण्यात आली आणि त्यांनी धर्मप्रचारासाठी जगभर जावे असा आदेश निघाला. सॅव्हेजच्या वाट्याला सयामचा देश आला. तो देश कोणत्या वाटेने गाठायचा हेही तेथे कोणाला धड ठाऊक नव्हते. त्याने लेकराला बहिणीच्या ओटीत घातले आणि निघाला.

येथे ही कथा आपल्या दाराशी येते. सॅव्हेज आणि त्याचे सोबती मिळून तेरा मॉर्मन सॅन फ्रान्सिस्कोहून ‘मॉन्सून’ नावाच्या जहाजाने निघाले आणि तीन महिन्यांच्या सुमारास प्रवास करून एप्रिल १८५३ मध्ये कलकत्त्यास उतरले. त्याच महिन्याच्या १६ तारखेला आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली होती. मुंबईतही तेव्हा मॉर्मन होते. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक १८५२ सालीच मुंबईस येऊन पोचला होता आणि पुण्यास जाऊन त्याने एक लहानशी मंडळीही जमवली होती. ती मुख्यत्वे छावणीच्या आसऱ्याने राहणाऱ्या गोऱ्या लोकांची. लष्करी अधिकाऱ्यांना हा उपद्व्याप पसंत नव्हता आणि बाकीच्या पाद्र्यांना तर मुळीच नव्हता. आपल्या लोकांनी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. थोड्याच वर्षांत हिंदुस्थानातले हे प्रचारकार्य ओसरले. पुण्याच्या रस्त्यावरून जोतीराव फुले शाळेकडे जात होते त्या दिवसांत कोणी मॉर्मनही त्याच शहरात आपला नवा धर्म सांगत होता, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

सॅव्हेजला सयाम काही सापडले नाही. ब्रह्मदेशात इंग्रजांचे युद्ध नुकतेच होऊन गेले होते आणि पुढची वाट बंद होती. तो ब्रह्मदेशातच अडकून पडला. भाषा येईना, हवा सोसेना, खिशात पैसा नाही. सुमारे दोन वर्षे त्याने तेथे काढली. हाती म्हणण्यासारखे काहीच लागले नाही. अखेर जहाजावर जागा मिळवून तो अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून १८५६ साली बॉस्टनला उतरला. तेथून घर अद्याप अडीच हजार मैल दूर. चार वर्षांपूर्वी सोडून आलेला मुलगा आपल्याला ओळखील की नाही, एवढी एकच चिंता त्या बापाच्या मनात असावी असे मला वाटते. लवकर घरी पोचावे म्हणून तो पंथाच्या एका तांड्याबरोबर जाण्यास तयार झाला. हाच तो हातगाड्यांचा तांडा.

हातगाड्यांची ही कल्पना पैशाच्या टंचाईतून निघालेली होती. इंग्लंड आणि डेन्मार्क या देशांतून हजारो गरीब लोक पंथात आले होते आणि त्यांना यूटात आणायचे होते. १८५५ साली यूटात अवर्षण आणि टोळधाड यांनी पीक बुडाले, पंथाच्या निधीत पैसा उरला नाही. बैल आणि मोठ्या गाड्या घेणे परवडेना. तेव्हा असे ठरले की आगगाडी जेथे संपते त्या आयोवा सिटीपासून पुढचे तेराशे मैल लोकांनी हातगाड्या ओढत पायी यावे. चार-पाच माणसांमागे एक गाडी. माणशी सतरा पौंड सामान, म्हणजे आपल्या हिशेबाने आठ किलोपेक्षाही कमी. त्यात अंथरूण, पांघरूण, कपडे, भांडी, सारे आले. त्या वर्षीचे पहिले तांडे लवकर निघाले आणि सुखरूप पोचले. पण कॅप्टन विली याच्या तांड्याला इंग्लंडहून निघायलाच उशीर झाला. आयोवा सिटीस येऊन पाहतात तर गाड्या तयार नाहीत. घाईघाईने ओल्या लाकडाच्या गाड्या ठोकल्या. ओले लाकूड कोरड्या हवेत वाळून आकसते आणि चाकाची धाव सुटते, हे आमच्या गावच्या कोणत्याही सुताराने सांगितले असते.

निघता निघता १५ जुलै उजाडला. नेब्रास्कातील फ्लोरेन्स या मुक्कामी पोचले तेव्हा ११ ऑगस्ट झाला होता. पुढे हजार मैलांची वाट, आणि वाटेत रॉकी पर्वत. १३ ऑगस्टच्या संध्याकाळी सभा भरली. प्रश्न एकच होता. या वर्षी पुढे जायचे, की हिवाळा येथेच काढून वसंतात निघायचे? पुढारी म्हणाले, ईश्वर आपल्या लेकरांसाठी बर्फ थोपवून धरील. एका पुढाऱ्याने तर वाटेत पडेल तेवढे बर्फ मी खाऊन दाखवीन, अशी शेखी मिरवल्याचे सांगतात. जमलेल्या शेकडो लोकांत ही वाट पूर्वी तुडवलेले थोडेच होते, आणि त्यांत सॅव्हेज होता. तो उठला आणि त्याने स्पष्ट सांगितले की आता फार उशीर झाला आहे, डोंगरात गुडघाभर बर्फातून चालावे लागेल, पांघरुणे पुरणार नाहीत, आणि म्हातारी माणसे, अशक्त बायका व मुले यांतली कित्येक वाटेतच राहतील. सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले असे त्याच्याबरोबरच्या एका प्रवाशाने पुढे लिहून ठेवले आहे. परंतु श्रद्धेच्या भरात असलेल्या सभेत सावधपणाला भित्रेपणा म्हणतात. मते घेतली गेली आणि बहुमत पुढे जाण्याच्या बाजूने पडले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. सॅव्हेज काय काय करू शकला असता? तो फ्लोरेन्सलाच राहू शकला असता. शंभराच्या आसपास माणसे तेथे मागे राहिलीच होती. दोन-चार धडधाकट सोबती गाठून तो एकटा झपाट्याने पुढे जाऊन आपल्या मुलाला भेटू शकला असता. यांतले काहीही त्याने केले असते तरी त्याला कोणी दोष दिला नसता. पण तो पुन्हा उठला आणि जे बोलला त्याचा आशय असा: मी सांगितले ते खरे आहे हे मला ठाऊक आहे. तरी तुम्ही जायचे ठरवले आहे, तेव्हा मीही येईन, तुमच्याबरोबर राबेन, तुमचे हाल तेच माझे, आणि वेळ आली तर मरणही तुमच्याबरोबरच. त्या तांड्यात शंभर शंभर माणसांच्या तुकड्या होत्या. त्यांतल्या एका तुकडीची जबाबदारी त्याच्याकडे होती. ती त्याने सोडली नाही.

सुमारे चारशे माणसे निघाली. प्रत्येक गाडीवर जवळजवळ शंभर पौंड पिठाचे पोते जास्तीचे चढवले. सप्टेंबरच्या आरंभी रानगव्यांच्या कळपांमुळे तांड्याचे बैल बिथरून पळाले आणि तीसएक बैल सापडलेच नाहीत. त्यांच्या वाट्याचे ओझेही हातगाड्यांवर आले. वाटेत फ्रँकलिन रिचर्ड्‌स नावाचा बडा पुढारी चांगल्या घोडागाडीतून मागून आला आणि पुढे निघून गेला. जाण्यापूर्वी फ्लोरेन्सच्या सभेतल्या बोलण्याबद्दल त्याने सॅव्हेजची भर मंडळीत कानउघाडणी केली. सॅव्हेजने ती ऐकून घेतली आणि पुन्हा गाड्यांच्या मागे चालू लागला.

१९ ऑक्टोबरला बर्फ पडू लागले. पीठ संपले होते. रात्री निजलेली माणसे सकाळी उठेनात. २३ ऑक्टोबरला बर्फाच्या वादळात खडकाळ कड्यावरून गाड्या चढवाव्या लागल्या. कित्येकांना ते थोडके मैल चालायला दुसरा दिवस उजाडावा लागला. त्या मुक्कामी तेरा प्रेते एकाच खड्ड्यात पुरली, आणि खड्डा खणणाऱ्यांपैकीही दोघे त्याच दिवशी गेले.

एवढे खरे की घरच्या लोकांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. रिचर्ड्‌सने ४ ऑक्टोबरला खाऱ्या सरोवराच्या शहरात जाऊन बातमी देताच ब्रिगॅम यंगने दुसऱ्या दिवशीच्या धर्मसभेत प्रवचन बाजूला ठेवले. वाटेवरच्या माणसांना घेऊन या, आज हाच आपला धर्म, असे त्याने सांगितले. ७ तारखेला पिठाने आणि पांघरुणांनी भरलेल्या गाड्या निघाल्या आणि २१ तारखेला त्यांनी विलीचा तांडा गाठला. ९ नोव्हेंबरला उरलेली माणसे शहरात पोचली. विलीच्या तांड्यात सुमारे सत्तर माणसे दगावली. मागून येणाऱ्या मार्टिनच्या तांड्यात त्याहून अधिक. दोन्ही मिळून दोनशेवर बळी गेले. सॅव्हेज वाचला. आपले भाकीत खरे ठरल्याचा टेंभा त्याने मिरवला नाही. आपला मुलगा त्याला सुखरूप भेटला.

पण स्वस्थता त्याच्या नशिबी नव्हती. १८५७ साली आपल्याकडे मेरठ, दिल्ली, कानपूर पेटले होते, त्याच उन्हाळ्यात यूटावरही सैन्य चालून निघाले. मॉर्मनांनी बंड केले आहे, अशा समजुतीने अमेरिकेच्या अध्यक्षाने सुमारे अडीच हजार फौज पाठवली. १८५८ च्या वसंतात तीस हजारांच्या आसपास माणसांनी आपली गावे रिकामी केली. घरांत वाळला पेंढा भरून ठेवला, की फौज आलीच तर एका काडीने सारे पेटवून द्यावे. सुदैवाने तह झाला आणि माणसे परतली. आमच्या मराठवाड्यातल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होईपर्यंत रझाकारांच्या भीतीने घरादाराला कुलपे लावून सरहद्दीवरच्या छावण्यांत गेलेल्यांच्या आठवणी आमच्याकडे अजून घराघरांत सांगितल्या जातात.

याच भयाच्या वातावरणात मॉर्मनांच्या हातून एक घोर पाप घडले. ते लपवून ही कथा सांगणे बरे नव्हे. ११ सप्टेंबर १८५७ रोजी यूटाच्या दक्षिणेस माउंटन मेडोज या कुरणात, कॅलिफोर्नियाला चाललेल्या वाटसरूंच्या एका तांड्याला मॉर्मन सैनिकांनी अभय देऊन शस्त्रे खाली ठेवायला लावली, आणि मग काही मूळ रहिवाशांना हाताशी धरून सुमारे एकशेवीस माणसे कापून काढली. केवळ सतरा लहान मुले राखली. या तांड्याचे काय करावे, हे विचारायला एक स्वार ब्रिगॅम यंगकडे धाडला होता. त्यांना जाऊ द्या, असे उत्तर घेऊन तो परतला तेव्हा हत्याकांडाला दोन दिवस झाले होते. पुढे वीस वर्षांनी, १८७७ साली, एकट्या जॉन ली याला त्याच जागी नेऊन गोळ्या घातल्या. बाकीचे सुटले.

सॅव्हेजचे नाव या प्रकरणात कोठे येत नाही. मी ते येथे आणले ते दुसऱ्या कारणासाठी. ज्यांना स्वतःला हुसकावून लावले होते, त्यांनीच वाटसरूंचा घात केला. भयाने ग्रासलेला समाज कोणत्या थराला जातो हे त्यातून दिसते. फ्लोरेन्सच्या सभेत ‘हे चुकते आहे’ असे मोठ्याने म्हणणारा एक माणूस होता. तरीही माणसे मेली, परंतु त्यांच्या बरोबर राहणाराही कोणी होता. माउंटन मेडोजच्या कुरणात शंका अनेकांच्या मनात असतील, पण हत्या थांबवील असा आवाज उठला नाही. समाज टिकतो तो आज्ञा पाळणाऱ्यांमुळे, असे आपण मुलांना शिकवतो. तो टिकतो ते वेळेवर नाही म्हणणाऱ्यांमुळेही.

१८५८ साली सॅव्हेजने ॲन कूपर या विधवेशी लग्न केले. ती आणि तिच्या दोन मुली विलीच्या तांड्यात त्याच्याबरोबर चालल्या होत्या. मॉर्मनांत तेव्हा एकाहून अधिक बायका करण्याची चाल होती. पुढे दहा वर्षांनी त्या दोन मुलींशीही त्याने लग्न केले. आज हे आपल्याला रुचणार नाही, आणि मलाही ते रुचत नाही. पण चरित्रातली नावडती पाने फाडून टाकली तर उरतो तो पुतळा, माणूस नव्हे. या चालीवरून सरकार आणि मॉर्मन यांत तीस वर्षे झगडा चालला. १८८२ आणि १८८७ च्या कायद्यांनी हजाराहून अधिक पुरुषांना शिक्षा झाल्या. अखेर १८९० साली पंथाने ती चाल सोडल्याचे जाहीर केले आणि १८९६ साली यूटाला राज्याचा दर्जा मिळाला.

सॅव्हेज पुढे दक्षिण यूटात टोकरव्हिल या गावी जाऊन राहिला. पायूट जमातीच्या टोकर नावाच्या प्रमुखावरून गावाला हे नाव पडले. त्याचे लोक मॉर्मन येण्यापूर्वीही त्या ओढ्याच्या काठी मका लावीत. ते पाणी आणि ती जमीन हळूहळू त्यांच्या हातची गेली. हेही त्या वसाहतीच्या जमाखर्चात मांडलेच पाहिजे. त्या उष्ण मुलखात द्राक्षे, अंजिरे आणि कापूस होई. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेचा कापूस बंद झाला, तेव्हा ब्रिगॅम यंगने तीनशेवर कुटुंबे या भागात केवळ कापूस पिकवण्यासाठी धाडली. त्याच युद्धापायी मुंबईत कापसाने सोन्याचा भाव खाल्ला, वऱ्हाड-खानदेशात पांढऱ्या सोन्याचे वेड लागले, आणि १८६५ साली युद्ध संपताच मुंबईचे सट्टेवाले रस्त्यावर आले. यूटाचा कापूसही पुढे आगगाडीने आलेल्या स्वस्त मालापुढे टिकला नाही. दूरच्या युद्धाने भाव चढतो आणि दूरच्या तहाने उतरतो, शेतकऱ्याला मात्र कोणी विचारत नाही. कापूस उत्पादकाची ही कहाणी तेव्हापासूनची आहे.

सॅव्हेज तेथेच शेती करीत, रोजनिशी लिहीत म्हातारा झाला आणि १९१० साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, टोकरव्हिललाच वारला. बहिणीच्या ओटीत टाकून गेलेला त्याचा तो मुलगा मोठा होऊन ॲरिझोनात वुड्रफ नावाच्या गावाचा धर्मप्रमुख झाला. त्या गावाचे पोट एका बंधाऱ्यावर होते आणि तो बंधारा पुरात दहापेक्षा अधिक वेळा वाहून गेला. प्रत्येक वेळी गावाने तो पुन्हा घातला. सोबत न सोडण्याचा बापाचा गुण मुलाच्या वाट्याला आला होता, असे म्हणायला हरकत नाही.

दसरा झाला की आमच्या गंगाखेड तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचे तांडे निघतात. लहान मुले आजी-आजोबांच्या ओटीत टाकून आईबाप कारखान्याची वाट धरतात, आणि शाळेतले काही बाक रिकामे होतात. त्या तांड्यांतही एखादा जाणता असतो. मुकादमाची उचल जड जाईल, लेकराला नेऊ नका, असे तो सांगतो. त्याचे ऐकले जातेच असे नाही. तरी तोही त्याच गाडीत बसतो, कारण रात्रीबेरात्री कोणाला ताप आला तर जवळ आपले माणूस हवे. अशा माणसांची नावे इतिहासात येत नाहीत. सॅव्हेजचे आले, याचे कारण तो त्यांच्याहून थोर होता असे नाही. रोज रात्री दोन ओळी लिहिण्याची त्याला सवय होती, एवढेच.

दिवाळीला घर भरते. आजोबा ओसरीवर बसलेले असतात. त्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल, त्यांच्या वडिलांनी त्यांना रझाकारांचे दिवस सांगितले असतील. त्या दिवसांत गावाला खरे कोणी सांगितले आणि गावाबरोबर कोण राहिले, हे त्यांना विचारावे. एखाद्या मुलाने ते वहीत उतरवून घ्यावे.